पत्र पोचले, असे समजावे?

कायद्याच्या पुस्तकात एक लहानसे कलम आहे. १८९७ सालच्या जनरल क्लॉजेस ॲक्टातील हे सत्ताविसावे कलम सांगते की, बरोबर पत्ता लिहून, पुरते टपालहशील भरून आणि नोंदणी करून पत्र टपालात टाकले, म्हणजे नेहमीच्या क्रमाने ते ज्या वेळी पोचावयाचे त्या वेळी पोचले असे समजावे. पोचले नाही असे ज्याचे म्हणणे असेल, त्याने ते सिद्ध करावे. नोंदणीकृत टपाल ही स्वतंत्र सेवा २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन झाली, तरी जादा शुल्क देऊन नोंदणी करण्याची सोय कायम आहे. शहरात राहणाऱ्या मनुष्यास ह्या कलमात वावगे काही दिसणार नाही. दारावर पाटी आहे, रस्त्यास नाव आहे, टपालवाला रोज ठरल्या वेळी येतो. तेव्हा टाकलेले पत्र पोचले असे समजण्यात चूक ती कोणती? परंतु हेच कलम खेड्यातल्या मनुष्यास लावून पाहिले, म्हणजे ह्या ‘समजावे’ शब्दात केवढी मोठी गोष्ट गृहीत धरली आहे, हे ध्यानात येते.

आमच्या वाचकांत व्यापारी पुष्कळ आहेत. त्यांस त्यांच्याच व्यवहारातले उदाहरण देतो. धनादेश वटला नाही म्हणजे धनको तीस दिवसांच्या आत ऋणकोस लेखी नोटीस पाठवितो, आणि ती हाती पडल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम न मिळाल्यास फौजदारी खटल्याची वाट मोकळी होते. नोटीस पोचलीच नाही असे ऋणको म्हणू लागला तर काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला असता २००७ साली सी. सी. अलवी हाजी ह्या प्रकरणात निकाल झाला की, बरोबर पत्त्यावर नोंदणीने धाडलेली नोटीस पोचली असेच समजावयाचे. ज्यास ती खरोखर मिळाली नसेल त्याने समन्स मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे भरावे, एवढी वाट न्यायालयाने मोकळी ठेवली. हा निर्णय आम्हांस योग्यच वाटतो. लबाड ऋणकोने दार लावून बसावे आणि कायद्यास हुलकावणी द्यावी, हे चालू देता कामा नये. परंतु ह्या सर्व इमारतीचा पाया कोणता? पाया एकच: टपालवाला दारापर्यंत गेला होता, हा विश्वास.

पाकीट परत येते तेव्हा त्यावर चार शब्दांचा शेरा असतो. ‘घेण्यास नकार’, ‘घर बंद’, ‘पत्त्यावर सापडत नाही’, ‘गाव सोडून गेला’. हा शेरा कोणी न्यायाधीशाने लिहिलेला नसतो, कोणी साक्षीदार त्यावर सही करीत नाही. पण एखाद्या कुटुंबाची जमीन, एखाद्या मुलाची नोकरी, एखाद्या विधवेचा वारसाहक्क ह्या चार शब्दांवर लोंबकळत राहू शकतो. ज्या मुलाखतीची तारीख निघून गेल्यावर बोलावणे हाती पडते, तिचे दुःख कोणत्याही खात्याच्या अहवालात नोंदले जात नाही. म्हणून आम्ही असे म्हणतो की, खेड्यात हा शेरा लिहिणारा हात कोणाचा आहे, त्यास सरकार काय देते, त्याच्याकडून काय घेते आणि त्याच्या जिवाची काय काळजी वाहते, हा टपालखात्याच्या घरातला प्रश्न नव्हे. तो न्यायाचा प्रश्न आहे. आणि खेड्याशी उधारउसनवार, खरेदीविक्री व नातेगोते असलेल्या प्रत्येक शहरवासीयाचाही आहे.

हिंदुस्थानात दीड लाखांहून अधिक टपालकचेऱ्या आहेत आणि त्यांतील सुमारे नऊदशांश खेड्यांत आहेत. ह्या खेड्यांतील बहुतेक शाखा जे लोक चालवितात त्यांस पूर्वी ‘खातेबाह्य नोकर’ म्हणत, हल्ली ‘ग्रामीण डाक सेवक’ म्हणतात. त्यांची संख्या अडीच लाखांहून अधिक आहे. शाखा सांभाळणारा शाखा डाकपाल, त्याच्या हाताखालचा साहाय्यक, आणि पिशवी नेणारा, पत्रे वाटणारा डाक सेवक अशी त्यांची उतरंड आहे. पुष्कळ ठिकाणी मनुष्यबळ अपुरे असल्यामुळे एकच मनुष्य सकाळी पिशवी आणतो, दुपारी शिक्के मारतो, बचतखात्याचे पैसे घेतो-देतो आणि उरल्या वेळात वाड्या फिरतो.

ही वाट कशी असते, हे शहरातल्या वाचकाने मनात आणून पाहावे. कोकणात एका गावाच्या आठ-दहा वाड्या, मध्ये ओढे, आणि पावसाळ्यात ओढ्यावर लाकडी साकव. देशावर गावठाणात थोडी घरे, बाकीची कुटुंबे मळ्यांतून विखुरलेली. नंदुरबार-पालघरकडे पाडे, गडचिरोलीत टोले. पत्त्यावर गावाचे नाव एकच, पण त्या एका नावाखाली मैलोगणती रान पसरलेले. घरांस क्रमांक नाहीत, असले तर दिसत नाहीत. एकाच आडनावाची पंचवीस घरे, त्यांत एकाच नावाचे तीन गृहस्थ. विदर्भातल्या मे महिन्यात दुपारच्या उन्हात, आणि कोकणातल्या जुलैत धो धो पावसात ही वाट सारखीच चालावी लागते. असल्या वाटेवर ‘घर बंद’ हा शेरा खरा लिहावयाचा तर घरापर्यंत जावे लागते. न जाताही तो लिहिता येतो, आणि मोह होतो तो येथेच.

आता ह्या मोहाविरुद्ध कायद्याने कोणता बांध घातला आहे, ते पाहू. १८९८ चा जुना टपाल कायदा परकीय सरकारचा होता आणि सरकारास त्यात भरपूर संरक्षण होते. टपाल हरवले, उशिरा मिळाले, भलत्यास दिले, तर सहसा खाते जबाबदार नाही, असे तोही म्हणत असे. परंतु टपाल चोरणारा, दडविणारा, मुद्दाम अडवून ठेवणारा नोकर गुन्हेगार ठरावा, अशी स्पष्ट कलमेही त्यात होती. २०२३ साली आधी ही दंडाची कलमे जनविश्वास कायद्याने उडाली. मागाहून त्याच साली संसदेने नवा टपाल कायदा केला आणि १८ जून २०२४ पासून तो अमलात आला. ह्या नव्या कायद्यातही टपाल उघडणाऱ्या किंवा दडविणाऱ्या नोकरासाठी गुन्हा म्हणून काही सांगितलेले नाही. चोरी व विश्वासघात ह्यांस सर्वसाधारण फौजदारी कायदा लागू आहेच. पण टपालाच्या पावित्र्याचे म्हणून जे खास संरक्षण होते ते गेले. खात्याची जबाबदारी मात्र नियमांत जेवढी नमूद होईल तेवढीच. नोकरही कपट अथवा हेतुपुरस्सर कृत्य सिद्ध झाले तरच जबाबदार.

ही दोन कलमे शेजारी शेजारी ठेवून वाचा. एक कायदा खेडुतास म्हणतो, ‘पत्र तुला पोचलेच, पोचले नसेल तर तू सिद्ध कर.’ दुसरा कायदा खात्यास म्हणतो, ‘पत्र पोचले नाही तरी तुझ्यावर सहसा जबाबदारी नाही.’ गृहीताचा सर्व भार दुर्बलावर आणि माफीचा सर्व लाभ बलवानास, अशी ही वाटणी आहे. सरकारास गृहीत धरावयाचे असेल तर खुशाल धरावे; पण जे गृहीत धरले ते खरे करून दाखविण्याचा भारही सरकारानेच उचलला पाहिजे. आणि ते खरे करून दाखविणारा मनुष्य एकच आहे, खेड्यातला डाक सेवक. येथे आमच्या विषयाची दुसरी बाजू सुरू होते.

१ ऑक्टोबर १८५४ रोजी अर्ध्या आण्यात, अंतर कितीही असो, हलके पत्र जाऊ लागले आणि सर्व देशासाठी एकच दर झाला. ह्या एका सुधारणेने टपाल श्रीमंतांच्या व सरकारी कचेऱ्यांच्या हातातून सामान्य लोकांच्या हाती आले. ते खेड्यात न्यावयाचे तर माणसे हवीत, आणि माणसे हवीत तर पगार हवा. सरकारने त्यावर स्वस्त तोड काढली. गावात शाळामास्तर आहे, वाणी आहे, पेन्शनर आहे. त्यांस आपापला धंदा आहे. तेव्हा त्यांनी फावल्या वेळात शाखा चालवावी आणि थोडा भत्ता घ्यावा. त्या काळी, दिवसाकाठी पाच-पन्नास पत्रे येत असता, ही तोड अगदीच वाईट होती असे आम्ही म्हणत नाही. परंतु तात्पुरती म्हणून घातलेली ही शिडी दीडशे वर्षांहून अधिक काळ तशीच उभी आहे, आणि तीवरून आता टपालच नव्हे, तर बँक, विमा, मजुरीचे वाटप, निराधारांचे अनुदान आणि अंगठ्याच्या ठशावर पैसे देणारी यंत्रेही चढविली आहेत. काम बदलले, काळ बदलला. नोकराचे नाव बदलले. बदलले नाही ते एकच गृहीत, की ह्या मनुष्यास उपजीविकेचे दुसरे साधन आहे.

ह्या गृहीताचा परिणाम आकड्यांत पाहावा. दिवसास चार ते पाच तासांचे काम अशी नोंद, त्याप्रमाणे १ जुलै २०१८ पासून डाक सेवकास चार तासांस महिना १०,००० व पाच तासांस १२,००० रुपये, आणि शाखा डाकपालास अनुक्रमे १२,००० व १४,५०० रुपये असा प्रारंभीचा भत्ता ठरला, महागाईभत्ता वेगळा. हा भत्तादेखील सहजासहजी वाढला नाही. कमलेश चंद्र समितीचा अहवाल नोव्हेंबर २०१६ मध्ये आला. मंत्रिमंडळाने त्यास मान्यता दिली जून २०१८ मध्ये, आणि तीही सेवकांनी मे महिन्यात देशभर संप पुकारल्यानंतर. २०२४ साली बारा, चोवीस व छत्तीस वर्षांच्या सेवेनंतर वर्षास अनुक्रमे ४,३२०, ५,५२० व ७,२०० रुपयांची भर देण्याची योजना निघाली. मुळीच काही नव्हते त्यापेक्षा हे बरे, हे आम्ही मोकळ्या मनाने कबूल करतो. परंतु बारा वर्षे पायपीट केल्यावर महिन्यास ३६० रुपये आणि छत्तीस वर्षांनंतर ६०० रुपये, ह्या हिशेबास बढती म्हणावे की बक्षिशी, हे वाचकांनीच ठरवावे.

न्यायालयाच्या दारीही ह्या नोकराची गत अशीच अर्धवट राहिली आहे. १९७७ साली पी. के. राजम्मा ह्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, हा मनुष्य रोजंदारीचा गडी नसून सरकारच्या ताब्यातील नागरी पदावर आहे आणि घटनेच्या ३११ व्या कलमाचे संरक्षण त्यास आहे. म्हणजे त्यास काढावयाचे तर रीतसर चौकशी केली पाहिजे. परंतु २०१९ साली गंडिबा बेहरा ह्या प्रकरणात त्याच न्यायालयाने असेही ठरविले की, पुढे तो नियमित नोकरीत घेतला गेला तरी सेवक म्हणून केलेली पूर्वीची वर्षे निवृत्तिवेतनाच्या हिशेबात धरता येणार नाहीत. नियम जसे आहेत तसे वाचणे न्यायालयास प्राप्तच होते. त्यास आम्ही दोष देत नाही. दोष आहे तो नियमांचा. शिस्तीसाठी तो सरकारचा नोकर, आणि म्हातारपणासाठी मात्र सरकारचा कोणी नाही! पासष्टाव्या वर्षापर्यंत त्याने पिशवी वाहावी, आणि नंतर नियमित टपालनोकरास मिळणाऱ्या पेन्शनीकडे दुरून पाहावे.

महाराष्ट्रातल्या वाचकांस ही रीत ओळखीची वाटावी. गावकीची कामे, सरकारी हुकूम पोचविणे, वसुलीच्या रकमेबरोबर तालुक्यास जाणे ही कामे पिढ्यान् पिढ्या महारांकडून वतनाच्या नावाखाली घेतली गेली. त्यांस पगार का नाही, असे कोणी विचारले तर उत्तर तयार असे: ‘त्यांस वतनाची जमीन आहे, गावाकडून बलुते आहे, दुसरे साधन आहे.’ जमिनीचे तुकडे पडत गेले, बलुते आटले, पण राबणूक अष्टौप्रहर तशीच राहिली. ह्या अन्यायाविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बिल आणले. आणि तसली वतने शेवटी रद्द झाली ती १९५८ च्या कायद्याने. जातीचा जुलूम आणि टपालखात्याची कंजुषी ह्या दोन गोष्टी आम्ही एका पारड्यात घालीत नाही. तसे करणे सत्याचा अपलाप होईल. आज डाक सेवक अर्ज करून, दहावीच्या गुणांवर निवडला जातो, जन्मावर नव्हे. परंतु युक्तिवादाचे हाड एकच आहे: ‘ह्याचे पोट दुसरीकडून भरते, म्हणून आपण ह्याच्या कामाचे पुरे मोल देण्याचे कारण नाही.’ कामाचे मोल कामावरून ठरते, काम करणाऱ्याच्या घरात किती दाणे आहेत ह्यावरून नव्हे, हे तत्त्व एकदा मान्य केले, म्हणजे हे हाड मोडते.

आता सुरक्षिततेकडे वळू. जुन्या काळचा टपालाचा धावणारा हरकारा हातात घुंगरे लावलेला भाला घेऊन रानातून जात असे. घुंगरांचा नाद ऐकून लोक वाट देत, आणि जनावर आडवे आलेच तर भाल्याचे पाते होते. आजच्या सेवकाच्या हाती कोणता भाला आहे? पिशवीत लोकांचे अनुदान व ठेवींचे पैसे, हाती नाजूक यंत्र, बुडाखाली बहुधा स्वतःच्याच पैशाची सायकल वा फटफटी. वाटेत मोकाट कुत्री, पुराचे पाणी, आणि पैसे आहेत हे ठाऊक असलेले चार डोळे. अपघात झाला तर विमा आहे, पण नियमित नोकरास असणारी वैद्यकीय सोय त्यास नाही. असे असता ‘पत्र दारी पोचलेच पाहिजे’ असा आग्रह धरावयाचा, आणि दारापर्यंत जाणाऱ्याचा जीव मात्र त्याच्या नशिबावर सोपवावयाचा, हे शोभत नाही. भरीला खाती व विमे उघडण्याची लक्ष्ये लादली जातात. ती पुरी करण्यासाठी वरिष्ठांचा जाच होतो, अशी सेवकांच्या संघटनांची जुनी तक्रार आहे. ज्याचे लक्ष विम्याच्या आकड्यावर खिळविले, त्याची पावले शेवटच्या वाडीकडे कशी वळणार?

परंतु नोकराची बाजू मांडताना गावकऱ्याची बाजू आम्ही पुसून टाकणार नाही. शाखेसाठी जागा देणे हे शाखा डाकपालाचेच काम असल्यामुळे पुष्कळ गावांत टपालकचेरी म्हणजे त्याच्या घराची ओसरी असते. ओसरी खासगी, तिची रीत खासगी, आणि उंबरठ्याबाहेर कोणी उभे राहावे हे ठरविणारा गावही तोच. ज्या घराशी एखाद्या वस्तीचा पिढ्यांचा दुरावा आहे, त्या ओसरीवर पासबुक घेऊन उभे राहण्यास त्या वस्तीतल्या म्हातारीस किती धीर लागत असेल? टपाल सरकारचे असेल तर त्याचे दारही सर्वांचे असले पाहिजे. तीच गोष्ट वाटपाची. गावठाणातली पत्रे हातोहात जातात. वस्तीची, पाड्याची पत्रे मात्र वाण्याच्या दुकानात किंवा चहाच्या टपरीवर ठेवली जातात, आणि ‘येईल कोणी तर नेईल’ अशी त्यांची वाट होते. बाईच्या नावाचे पत्र घरातल्या पुरुषाच्या हाती देण्यात तर कोणास काही गैर वाटतच नाही. समजा, भावांनी वारसनोंदीतून बहिणीचे नाव गाळले, तिने हरकत घेतली, आणि त्या प्रकरणाची नोटीस त्याच भावाच्या हाती पडली. कागदोपत्री टपाल पोचले, आणि न्याय मात्र दाराबाहेर राहिला. खेड्यातला सेवक गावाचाच असतो हा त्याचा गुण आहे, कारण तो माणसे ओळखतो. पण हाच दोषही होऊ शकतो, कारण तो माणसांस भितो. त्यास निर्भय करणे हा गावकऱ्यास न्याय देण्याचाच मार्ग आहे.

ह्यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, आता घरोघर मोबाईल झाले, पत्रे लिहितो कोण? खुशालीची पत्रे कमी झाली हे खरे. मुंबईच्या गिरणीतून कोकणात येणाऱ्या मनीऑर्डरीची वाट पाहणारे दिवसही गेले. परंतु न्यायालयाची नोटीस, बँकेची जप्ती, एटीएम कार्ड, आधार कार्ड, औषधाचे पार्सल आजही टपालाने येते. खुशालीचे पत्र हरवले तर मन हळहळते. हे कागद हरवले तर संसार हलतो. खासगी कुरियरवाला दूरच्या वाडीस बहुधा जात नाही. तो फोन करून तालुक्याच्या स्टँडवर बोलावतो. नव्या कायद्याने पत्रे नेण्याचा सरकारचा अनन्य हक्क सोडून दिला. पण ज्या वाटेवर नफा नाही ती वाट खासगी धंदा उचलणार नाही, हे व्यापारी वाचकांस आम्ही सांगावयास नको.

दुसरा आक्षेप तुटीचा. टपालखात्यास दरसाल हजारो कोटींची तूट येते, मग पगार कोठून वाढवावा? आम्ही विचारतो, रस्त्यास नफा होतो काय? शाळेस होतो काय? अर्ध्या आण्यात शेजारच्या पेठेतही पत्र जावे आणि शेकडो कोसांवरही जावे, असे ज्या दिवशी ठरले, त्याच दिवशी जवळच्याने दूरच्याचा भार उचलावा हे तत्त्व ठरले. ते तत्त्व आम्हांस आजही मान्य आहे. आमचे म्हणणे इतकेच की, हा भार समाजाने उचलावा. तो सगळा एका अर्धवेळ नोकराच्या पाठीवर लादून सरकारने काटकसर केल्याचे समाधान मानू नये.

तेव्हा काय करावे? आमच्या सूचना थोड्या आणि साध्या आहेत. पहिली: सेवकाच्या कामाचे तास कागदावर नव्हेत, तर वाटेवर मोजावेत, वाड्यांमधील अंतर, चढ, पावसाळा व यंत्रावरचे काम धरून जितके तास भरतील तितक्यांचा पुरा मोबदला द्यावा, आणि त्याच्या वेतनाचा विचार निराळ्या समित्यांवर न सोपविता इतर केंद्रीय नोकरांबरोबर वेतन आयोगानेच करावा. दुसरी: दीर्घ सेवेनंतर निवृत्तिवेतन व सेवेत असता औषधोपचाराची सोय ह्यांचा हक्क त्यास कायद्याने मिळावा. तिसरी: शाखा टपालकचेरी खासगी ओसरीवरून ग्रामपंचायत, शाळा अथवा चावडीसारख्या सार्वजनिक जागी आणावी, आणि तिचे दार सर्वांस सारखे उघडे असल्याची जबाबदारी खात्याने घ्यावी. चौथी: रोख रक्कम ठराविक मर्यादेपलीकडे एकट्याच्या पिशवीत घालू नये, पावसाळी पोशाख व जोडे खात्याने पुरवावे, उन्हाळ्यात वाटपाची वेळ सकाळची ठेवावी, पूर असेल त्या दिवशी टपाल थांबले तर तो अपराध मानू नये, कारण पत्र उद्या जाईल, माणूस परत येणार नाही. पाचवी, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची: ‘घर बंद’ वा ‘सापडत नाही’ असा शेरा मारण्यापूर्वी दारावर दिवस व वेळ लिहिलेली चिठी सोडावी, दुसरी फेरी करावी आणि त्या दोन्ही फेऱ्यांची नोंद यंत्रात व्हावी. ह्या नोंदीशिवाय परत गेलेले पत्र पोचले असे समजू नये, अशी दुरुस्ती कायद्यातच व्हावी. अशी नोंद गावकऱ्याचे रक्षण करील, आणि प्रामाणिक सेवकाचेही करील. कारण आज त्याच्या खऱ्या शेऱ्यावरही संशय घेतला जातो.

सरकारास इतके सांगितल्यावर आपल्या वाचकांस दोन शब्द न सांगणे हा पक्षपात होईल. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. टपालखात्यातील अधिकारी व संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर ह्यांनी बसविलेली ही सहा आकड्यांची युक्ती पत्र योग्य कचेरीपर्यंत नेते. पण एका आकड्याखाली अनेक गावे असतात, आणि वाडीपर्यंत पोचविणे पत्त्याचे काम आहे. आमचे व्यापारी पाकिटावर मोठ्या अक्षरांत पेढीचे नाव छापतात आणि गिऱ्हाइकाचा पत्ता ‘मु. पो. अमुक’ एवढ्यावर उरकतात. त्यांनी वाडीचे, वस्तीचे, वडिलांचे अथवा पतीचे नाव, जवळची खूण आणि फोनचा आकडा लिहावा. मराठी मुलुखात पाठवावयाचे पत्र मराठीत लिहावे. गावकऱ्याने घरावर क्रमांक व नाव रंगवावे, कुत्रे बांधावे, पैसे देता-घेताना पासबुकात नोंद व पावती तिथल्या तिथे मागावी. पावती मागणे हा सेवकावर अविश्वास नव्हे. ते उभयतांचे संरक्षण आहे. आणि मनीऑर्डरीच्या नोटा मोजून देणाऱ्याच्या हातात दोन रुपये सरकविण्याची जुनी खोड दोघांनीही टाकावी. ज्यास पगार पुरा मिळतो त्यास बक्षिशी लागत नाही, आणि ज्याचा हक्क पुरा मिळतो त्याने ती देऊ नये.

२०१८ च्या मे महिन्यात आणि पुन्हा २०२३ च्या डिसेंबरात ग्रामीण डाक सेवकांनी संप केला. शहरातल्या पुष्कळांस त्याची वार्ताही लागली नाही, कारण शहराचे टपाल शहरातले नियमित नोकर वाटीत होते. ज्याच्या थांबण्याने केवळ दुबळ्यांचे अडते, त्याच्या थांबण्याकडे राज्यकर्ते शांतपणे पाहू शकतात. ही शांतता मोडणे हे वर्तमानपत्राचे काम आहे, आणि वाचणाऱ्या माणसाचेही आहे. ‘पत्र पोचले असे समजावे’ हे कायद्याचे वाक्य आम्हांस पुसावयाचे नाही. ते खरे व्हावे असे आम्हांस वाटते. ते खरे करणारा मनुष्य ह्या घटकेस कोणत्या तरी वाडीची चढण चढतो आहे. त्याच्या पिशवीत कदाचित वाचकहो, तुमचीच नोटीस, तुमचेच बिल अथवा तुमच्याच आईचे औषध असेल. त्याच्या पायांत जोडे आहेत काय, आणि म्हातारपणी त्यास भाकरी आहे काय, हे विचारण्याचा हक्क पाकिटावर तिकीट लावणाऱ्या प्रत्येकास आहे. तो हक्क बजावावा, एवढेच आमचे मागणे.